देशी बुद्धिबळाचे नियम कुठे बघायचे?

मराठी बुद्धिबळात हत्ती पटाच्या कोपऱ्यात उभा असतो. उर्दू शतरंजमध्ये कोपऱ्यात 'रुख' असतो आणि हत्ती, म्हणजे 'फील', राजा-वजिराला चिकटून असतो. आपण ज्याला उंट म्हणतो तो उर्दूवाल्यांचा हत्ती. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा घोळ माझ्या वर्गात दर वर्षी एकदा तरी निघतो. एखादा मुलगा घरी अब्बांकडून 'फील' शिकून आलेला असतो, शेजारचा शाळेच्या स्पर्धेतून 'उंट' शिकलेला असतो आणि दोघं एकाच मोहऱ्यावर बोट ठेवून भांडतात.

दोघंही बरोबर असतात. अरबी-फारसी शतरंजमध्ये हत्ती राजाजवळच असे, उर्दूने त्याची जागा जपली. मराठी-हिंदीत ती कोपऱ्यात ठरली. खेळ एक, पण त्याच्या आवृत्त्या अनेक. पुस्तकाची पहिली, दुसरी, सुधारित आवृत्ती निघते तशी खेळाचीही निघते. पुस्तकाची जुनी आवृत्ती निदान कपाटात पडून राहते. खेळाची जुनी आवृत्ती टिकायची तर तिचे नियम कुठेतरी लिहिलेले हवेत आणि ज्याला हवे त्याला ते फुकट बघता यायला हवेत. पहिली अट आपल्या लोकांनी बऱ्यापैकी पूर्ण केली होती. दुसरी गेल्या काही वर्षांत हातातून निसटते आहे.

जुना डाव

आज जगभर जो डाव खेळतात तो युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडला. तिथे वजिराची राणी झाली आणि ती पटभर धावू लागली. उंटालाही लांब तिरका पल्ला मिळाला. त्याआधीच्या शतरंजमध्ये वजीर एका वेळी एकच घर तिरका सरकत असे. भारतात हे नवे पल्ले हळूहळू स्वीकारले गेले, पण बाकीचा डाव देशीच राहिला. एकोणिसाव्या शतकातलं आपलं बुद्धिबळ असं अर्धं नवं आणि अर्धं जुनं होतं.

त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. काही भागांत ठरावीक प्याद्यांना दोन घरांची सूट असे, पण तो अपवाद. आजचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्याची उडी मिळायची, तीही तोवर त्याला शह बसला नसेल तर. म्हणून समोरचा खेळाडू लवकरात लवकर एक शह देऊन राजाची उडी मारून टाकायला बघायचा. ही चाल वाया गेल्यासारखी दिसते, पण पुढचा सगळा डाव तिच्यावर फिरतो. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की आज आपण डोळे मिटून वजीर मागतो. जुन्या डावात ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच व्हायचं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. शिवाय तो मोहरा आधी मारला गेलेला हवा. एका हाताला दोन-दोन वजीर घेऊन फिरण्याची सोयच नव्हती.

डाव सावकाश उघडायचा. काही ठिकाणी त्यावर तोडगा म्हणून दोन्ही खेळाडू सुरुवातीला आपापल्या अर्ध्या पटात लागोपाठ ठरावीक चाली करून घेत आणि मग खरी लढाई सुरू होई. सगळं सैन्य गमावून राजा एकटा उरला की 'बुर्जी', उर्दूत 'बुर्द'. तिला पूर्ण हार न मानता अर्धी मानत. आणि सगळ्यांत मानाची मात प्याद्याने दिलेली, 'प्यादेमात'.

हे नियम सगळीकडे सारखे नव्हते. गावागणिक, कधी मोहल्ल्यागणिक फरक असे, त्यामुळे अनोळखी माणसाबरोबर पट मांडताना आधी बोलणी होत: उडी आहे का, बुर्जी धरायची का, प्यादं कसं चढवायचं. माझ्या आजोळी परळला, गिरणीच्या चाळीत, मामूंच्या वयाची माणसं खेळायला बसली की पहिली दहा मिनिटं याच वाटाघाटीत जायची. एकजण कोकणातला मुसलमान, एक घाटावरचा मराठा, एक मदनपुऱ्यातून आलेला विणकर. प्रत्येकाच्या गावचं बुद्धिबळ वेगळं. साचेखात्यात दिवसभर एकत्र उभ्या राहणाऱ्या या माणसांचं नियमांवर मात्र एकमत व्हायचं नाही.

भाषेवर मात्र होतं. शह, मात, वजीर, प्यादं, मोहरा, जोर हे सगळे शब्द अरबी-फारसी वाटेने आले. राजा, घोडा, उंट, हत्ती, पट हे इथले. आज मराठी वर्तमानपत्रांचं राजकीय पान 'शह-काटशह' शिवाय भरत नाही आणि 'मात करणे' हा वाक्प्रचार कुणाला परका वाटत नाही. मराठीतून फारसी शब्द हाकलायला निघालेल्यांनी एकदा बुद्धिबळाचा अख्खा डाव त्यांच्याशिवाय बोलून दाखवावा.

लिहून कोणी ठेवलं

या खेळाची नोंद मौखिक होती, असा एक सोयीस्कर समज आहे. तो खरा नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' या ग्रंथाच्या 'नीतिमयूख' भागात बुद्धिबळाला जागा दिली. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं, पुढे काशीत स्थिरावलेलं.

मुंबईची गोष्ट त्याहून रंजक आहे. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या सरकारी बंगल्यात, आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे, जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे'ची बैठक भरली. आजच्या एशियाटिक सोसायटीची ती सुरुवात. त्यानंतर दहा वर्षांनी, १८१४ मध्ये, याच शहरात बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता. मूळ ग्रंथ संस्कृत, त्यात डावातल्या अवघड स्थिती आणि त्यांची उत्तरं. आमच्या उर्दूत अशा रचनेला 'मन्सूबा' म्हणतात, आणि मराठीतला 'मनसुबा' हा त्याचाच भाऊ.

या पुस्तकाच्या इंग्रजी शीर्षकातच सांगून टाकलं आहे की हे डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले आहेत. म्हणजे मुंबईत छापलेल्या बुद्धिबळाच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकातच देशी आवृत्तीवर नवी आवृत्ती चढवलेली आहे. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती. खडकीच्या लढाईआधी पटावरचे नियम बदलले होते, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी फार वाद घालणार नाही.

पुढे छापखाने वाढले. गिरगावात सातव्या खेतवाडीत खेमराज श्रीकृष्णदास यांच्या वेंकटेश्वर छापखान्याचं नाव देशभर झालं. धार्मिक पोथ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या छापखान्यातून औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांच्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या प्रचंड ग्रंथाचा 'क्रीडाकौशल्य' हा भाग निघाला, आणि त्यात बुद्धिबळासह बैठ्या खेळांची माहिती आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांचं प्रकरण सापडेल असं कोणाच्या मनात येईल? जुन्या नोंदी अशाच आडजागी असतात, म्हणून तर त्या चाळायला मिळाव्या लागतात. नाव माहीत असलेलं पुस्तक मागवता येतं. नाव माहीत नसलेलं फक्त चाळताना सापडतं.

१८९३ मध्ये पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचं देशी बुद्धिबळावरचं मराठी पुस्तक आलं. त्याच्या आगेमागे उर्दूतही ही पुस्तकं छापली जात होती. १८९० मध्ये दिल्लीत दुर्गाप्रसाद यांचा 'रिसाला-ए-शतरंज' निघाला, १९०१ मध्ये लाला राजा बाबू साहिब यांचा 'मुअल्लिम-उल-शतरंज'. लेखकांची नावं पुन्हा वाचा. उर्दूत शतरंज शिकवणारे हे दोघे हिंदू होते आणि मराठीत शिकवणारे टोपे पानापानावर फारसी शब्द वापरल्याशिवाय शिकवूच शकत नव्हते. ज्या काळात भाषेची धर्मावरून वाटणी सुरू झाली होती, त्याच काळातली ही पुस्तकं आहेत. वाटणीच्या इतिहासावर ढिगाने लिहिलं जातं. या पुस्तकांवर कोणी लिहिलेलं मला फारसं भेटलेलं नाही.

ज्याने हे सगळं एका जागी आणलं तो माणूस इंग्लंडमधला शिक्षक आणि पुढे शाळा तपासनीस. हॅरल्ड मरे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांचा मुलगा. बुद्धिबळाचा इतिहास लिहायचा म्हणून तो अरबी शिकला आणि १९१३ मध्ये नऊशे पानांच्या आसपासचा ग्रंथ बाहेर काढला. देशी बुद्धिबळाच्या प्रकरणासाठी त्याने टोपे यांचं मराठी पुस्तक आणि दिल्लीची उर्दू पुस्तकं हाताशी घेतली. गंमत अशी की आज टोपे कोण, हे आपल्याला मरे सांगतो. (शाळा तपासनीस म्हटल्यावर आम्हा शिक्षकांच्या मनात जे चित्र येतं त्यात अरबी शिकणारा माणूस बसत नाही, पण असो.)

नवी आवृत्ती जिंकली

जुन्या डावात घडलेला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. देशी नियमांवर वाढलेला. १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेता झाला आणि त्याचे आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेला. नियम नव्याने शिकून त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं घेतली. हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. त्याच हवेलीतली फातिमा नावाची मुलगी १९३३ मध्ये ब्रिटनची महिला विजेती झाली. मिस फातिमा म्हणून तिची नोंद आहे. मुसलमान बाईच्या कर्तृत्वाचा विषय निघाला की ठरावीक चार नावं घेणाऱ्या आपल्या सभांमध्ये तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. सुलतान खान १९६६ मध्ये गेला. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ झाला, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि राष्ट्रीय पातळीवर आंतरराष्ट्रीय नियमच राहिले. ते रास्तही होतं. जगाशी खेळायचं तर जगाचे नियम हवेत. त्याशिवाय गिरगावच्या खाडिलकर भगिनी घडल्या नसत्या. वासंती १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय विजेती झाली, जयश्रीने आणि रोहिणीने आंतरराष्ट्रीय किताब मिळवले, रोहिणीने १९८१ मध्ये आशियाई अजिंक्यपद आणलं. 'नवाकाळ'च्या घरातल्या या मुलींनी मुंबईच्या चाळींमध्ये बुद्धिबळ मुलींचाही खेळ आहे हे पटवून दिलं.

सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) अवध हातचं गेल्यावर दोघे नवाब इंग्रजी नियमांनी डाव मांडतात. प्रेमचंदांच्या मूळ कथेचा शेवट असा नाही, तिथे दोघे एकमेकांना मारतात. मला रायसाहेबांचा बदल जास्त बोचतो. कोणी सक्ती केलेली नसते. जलद आहे, सोयीचं आहे म्हणून माणसं स्वतःहून नवे नियम घेतात.

तर तक्रार नव्या डावाबद्दल नाही. जुना डाव ज्याला बघायचा आहे त्याने काय करायचं, हा प्रश्न आहे.

फुकट कपाट, आणि त्याला लागलेलं कुलूप

मुंबईत पुस्तकं नाहीत असं नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर पूर्वेला आहे. उर्दूसाठी सीएसएमटीसमोर अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे. पण माझ्यासारखे बरेच वाचक आता मुंब्र्याला, मिरा रोडला, नालासोपाऱ्याला राहतात. नोकरी सांभाळून, लोकलने येऊन, कार्डावर नाव शोधून एक पुस्तक मागवायचं म्हणजे एक दिवस जातो आणि ते बांधणीला गेलेलं निघू शकतं.

म्हणून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' आम्हा लोकांना वरदान वाटली होती. दहा लाख पुस्तकं स्कॅन करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला तो भारतीय भाग. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती. २००३ मध्ये राष्ट्रपती ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते संकेतस्थळाचं उद्घाटन झालं. मराठी, उर्दू, संस्कृत, फारसी अशी लाखो पुस्तकं तिथे आली आणि ती पाहायला पैसा लागत नव्हता.

ती नीटनेटकी होती असं मुळीच नाही. मराठी शीर्षकं रोमन अक्षरांत, आणि तीही टंकणाऱ्याच्या मनाला येतील तशी. 'बुद्धिबळ' शोधायचं तर चार-पाच प्रकारे लिहून बघावं लागे. उर्दू नावांचा तर कहर होता. पानं एक-एक करून उघडायची, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवायचं, मधलीच पानं गायब, एखाद्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. तरीही रात्री जेवणानंतर दोन तास बसलं की काहीतरी हाती लागायचं. खेळांची, पाककलेची, हिशेबाची, पत्रलेखनाची पुस्तकं, ज्यांना कोणतंही विद्यापीठ विचारत नाही, ती तिथे मोठ्या ग्रंथांच्या शेजारी बसलेली असत. माझ्या एका वहीत अशा पुस्तकांचे क्रमांक लिहिलेले आहेत.

२०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद झालं. कारण स्वामित्वहक्काचा भंग. कारण खोटं नव्हतं. स्कॅन करताना हक्क संपलेत की नाहीत हे नीट तपासलं गेलं नव्हतं आणि जिवंत लेखकांची पुस्तकंही आत गेली होती. त्यांची तक्रार योग्यच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. पण १८९३ सालच्या पुस्तकावर कोणाचा हक्क उरलेला असतो? गाळणी न लावता अख्खी विहीरच बुजवली. वहीतले माझे क्रमांक त्या दिवशी निरुपयोगी झाले.

अमेरिकेतल्या 'पब्लिक रिसोर्स'च्या कार्ल मालामूद यांनी त्यातली साडेचार लाखांच्या आसपास पुस्तकं आधीच उतरवून 'इंटरनेट अर्काइव्ह'वर ठेवली होती, म्हणून निम्मं-अर्धं वाचलं. भारत सरकारच्या पैशाने स्कॅन झालेली भारतीय पुस्तकं आपण आज कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेच्या कृपेने वाचतो. आणि तेही दार पक्कं नाही. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, 'जब हॅरी मेट सेजल' आणि 'टॉयलेट: एक प्रेमकथा' यांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडीच हजारांहून जास्त संकेतस्थळं बंद केली गेली, त्यात इंटरनेट अर्काइव्हही होतं. काही दिवस ते भारतात उघडेना. पुढे अमेरिकेत चार मोठ्या प्रकाशकांनी त्याच्यावर खटला भरला, २०२३ मध्ये निकाल विरोधात गेला, २०२४ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं आणि वाचायला दिलेली पाच लाख पुस्तकं काढावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्याने ते काही दिवस पूर्ण बंद होतं. जुनी मराठी पुस्तकं या खटल्यात नव्हती हे खरं. पण ती ठेवणाऱ्या संस्थेचं काय होणार, यावरच त्यांचंही भवितव्य ठरतं.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आयआयटी खरगपूरचं काम. ते प्रामुख्याने इतर संस्थांच्या साठ्यांकडे बोट दाखवतं, म्हणजे तो साठा हलला की बोट हवेत. उर्दूसाठी २०१३ पासून 'रेख्ता'ने फार मोठं काम केलं आहे आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण तेही एका खासगी प्रतिष्ठानाचं कपाट आहे.

ज्यांच्या खेळाला मालक आहे

माझा एक जुना विद्यार्थी लालबागला मित्रांबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला. त्याचे नियम जाड पुस्तकांत असतात आणि दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. या मुलांना जुन्या आवृत्तीत रस, पण तिचे नियम जिथे फुकट वाचायला मिळायचे ती पानं एकेक करून बंद होताहेत, असं तो सांगत होता. मला ते फार ओळखीचं वाटलं.

त्यांच्याकडे फरक असा की खेळाला मालक आहे. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने नियमांचा गाभा खुल्या परवान्यावर दिला. एप्रिल २००९ मध्ये त्याच कंपनीने चोरीचं कारण देऊन जुन्या आवृत्त्यांच्या सगळ्या विकत मिळणाऱ्या डिजिटल प्रती बाजारातून उचलल्या आणि पुन्हा ठेवल्या त्या २०१३ मध्ये. चौथ्या आवृत्तीची ऑनलाइन साधनं २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. २०२१ मध्ये 'द ट्रोव्ह' हा प्रचंड बेकायदा साठाही गेला. तिथे कालपरवा छापलेली पुस्तकंही फुकट वाटली जात होती, छोट्या लेखकांचं त्यात नुकसान होतं, त्यामुळे त्याच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण त्याच ढिगात कुठेच न मिळणाऱ्या जुन्या पुस्तिकाही होत्या.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनी तो जुना खुला परवाना मागे घेणार अशी बातमी फुटली. खेळणाऱ्यांनी गहजब केला, हजारोंनी वर्गणी बंद केली आणि महिना संपायच्या आत कंपनीला पाचव्या आवृत्तीचा गाभा अशा परवान्यावर द्यावा लागला जो परत घेताच येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये नवे नियम येताच ऑनलाइन जुने झाकण्याचा बेत होता, तोही लोकांनी हाणून पाडला. मालक असला की निदान भांडायला समोर कोणीतरी असतं. देशी बुद्धिबळासाठी भांडायचं तर कोणाशी? त्याचा मालक नाही, त्यामुळे त्याला वारसही नाही.

फिहरिस्त

बगदादला दहाव्या शतकाच्या अखेरीस इब्न अन-नदीम नावाचा पुस्तकविक्रेता होऊन गेला. आपल्या काळी अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची त्याने यादी केली, 'अल-फिहरिस्त'. मराठीतला 'फेरिस्त' शब्द तिथलाच. त्या यादीत शतरंजवर लिहिणाऱ्यांसाठी वेगळी जागा आहे: अल-अदली, अर-राझी, अस-सुली, अल-लजलाज. अल-अदली नवव्या शतकातला, आपल्या काळचा अव्वल खेळाडू. त्याचं मूळ पुस्तक आज नाही. नंतरच्या लोकांनी त्यातले जे मन्सूबे उतरवून घेतले, तेवढेच उरले. अस-सुलीने रचलेला एक मन्सूबा हजार वर्षं कोणाला सुटला नव्हता. विसाव्या शतकात रशियाच्या अवेरबाख यांनी तो सोडवला. तो जुन्या शतरंजचा आहे, एक घर सरकणाऱ्या वजिराचा. जुन्या आवृत्तीचे नियम कोणीतरी लिहून ठेवले होते आणि त्यांच्या नकला एकाहून जास्त शहरांत होत्या, म्हणून कोडं सोडवायला शिल्लक राहिलं.

नकलनवीस हा आपल्याकडे कमी दर्जाचा माणूस समजला गेला. पण अल-अदली जो काही उरला तो नकलनवीसांमुळे. आजच्या फुकट साठ्यांचा दोष इथे आहे. पूर्वी एका पुस्तकाच्या पाचशे प्रती पाचशे घरांत असत, वाळवी लागली तरी सगळीकडे एकदम लागत नसे. आता लाखो पुस्तकं एका पत्त्यावर असतात आणि आपण सगळे तिथेच जातो, म्हणून घरी कोणीच काही ठेवत नाही. मी आता सापडलेलं हक्कमुक्त पुस्तक उतरवून घेतो, दोन ठिकाणी ठेवतो आणि मागणाऱ्याला देतो. मरेचा ग्रंथही त्यात आहे. तो १९५५ मध्ये वारला, म्हणजे आपल्या कायद्याने २०१६ पासून त्याचं पुस्तक सर्वांचं झालं.

आणि जे कधी छापलंच गेलं नाही त्यासाठी गेली दोन वर्षं एक वही चालू आहे. परळ, लालबाग, मदनपुरा, गिरगाव इथे देशी डाव खेळलेले जे म्हातारे भेटतात त्यांना पाच प्रश्न विचारतो आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. बुर्जीवर जवळपास एकमत आहे. प्यादं चढवण्यावर तीन मतं आहेत. खरं भांडण राजाच्या उडीवर आहे. एकदा शह बसला की उडी गेली, हे सगळ्यांना मान्य. पण तो शह मध्ये मोहरा घालून अडवला आणि राजा जागचा हललाच नाही, तर? परळचे एक चाचा म्हणतात, गेलीच. लालबागचे एक आजोबा म्हणतात, राजा हलला नाही तर उडी शाबूत. दोघंही ऐंशीच्या पुढचे आहेत आणि दोघांनीही मला सांगितलं की समोरच्याला खेळ येत नाही. तुमच्या घरी काय धरत, ते कळवा. गावाचं नाव लिहायला विसरू नका.